रंगाच्या पिशवीतली चटणी

माझ्या घरात प्लॅस्टिकची पिशवी फेकली जात नाही. आणि मिळेल त्या पिशवीत खाण्याची वस्तू भरलीही जात नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सुनेला वाटतं सासू चिकट आहे. शेजारणींना वाटतं म्हातारीला भ्रम झालाय. दुधाच्या पिशव्या धुऊन गॅलरीत वाळत घालते, आणि झुरळांच्या पावडरीची पिशवी दिसली की कात्री घेऊन चिरत बसते. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटात असली कामं शोभत नाहीत म्हणे. नसतील शोभत. मी चौथीपर्यंत शिकले. हे मला शाळेत कुणी शिकवलेलं नाही. आमच्याच घरात जे घडलं त्यातून ते कळलं. ते लिहून ठेवते.

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. आम्ही तेव्हा गिरणीच्या बाजूला एका चाळीत राहत होतो. दोन खोल्या, समोर पडवी, साऱ्या चाळीला मिळून एक नळ. घरात सासू, मी, मालक आणि आमची दोन लहान पोरं. सासरा मी लग्न होऊन येण्याआधीच गेलेला. मालक सुताला रंग द्यायच्या कारखान्यात होते. चादरींचं सूत तिथं रंगायचं. सासूला आम्ही सगळे अव्वा म्हणायचो. घरात अर्धं कानडी आणि अर्धं मराठी चालायचं. रागावली की अव्वा कानडीत जायची, काम सांगायचं असलं की मराठीत यायची.

त्या काळात प्लॅस्टिकची पिशवी म्हणजे कचरा नव्हता. किराणा कागदाच्या पुडीत यायचा, वर दोरा गुंडाळलेला. तेलाला आपली बरणी न्यायची. घरात एखादी प्लॅस्टिकची पिशवी आली तर ती कशातून आली, कुणी आणली, हे सगळ्यांच्या लक्षात राहायचं. अव्वा ती राखेनं घासायची, उलटी करून दोरीवर टांगायची, वाळली की तळहातानं सपाट करून गादीखाली सारायची. रेशनकार्ड एका पिशवीत, पोरांची पुस्तकं एका पिशवीत, काड्यापेटी एका पिशवीत. भोक पडलं तरी पिशवी टाकायची नाही. करवतीचं तुटकं पातं घ्यायचं, पिशवीची कड त्यावर दुमडायची आणि चिमणीच्या ज्योतीवरून ओढायची. कड वितळून चिकटते. जास्त वेळ धरली तर जळते, कमी धरली तर सुटते. अव्वाचा हात त्यात बसला होता. चाळीतल्या बायका आपापल्या पिशव्या घेऊन तिच्याकडे यायच्या.

"अव्वा, येवडी डागून द्या की."

"ठेव तितं. रिकाम्या हातानं आलीस व्हय? चाची पूड तरी आणायची चिमूटभर."

"चा पाजते की. आदी पिशवी तर द्या."

"आदी चा, मग पिशवी. तुझ्या घरला गेलेली वस्तू परत येतीया व्हय?"

दुष्काळात तिनं भांडी घासलेलं पाणी दुसऱ्यांदा वापरलेलं होतं. टाकायचं नाही हे तिच्या अंगात भिनलेलं होतं. त्यात मला काही वाईट दिसत नव्हतं, अजूनही दिसत नाही.

माझी नणंद पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. तिला मैंदर्गीला दिलेली. सासरी शेती होती, किराण्याचं दुकान होतं. माणसं वाईट नव्हती, पण तिची सासू, तिची अत्ती, तोंडाची तिखट होती. नणंदेला मुलगी झाली. थंडी पडल्यावर जावई न्यायला येणार असं ठरलं आणि अव्वा कामाला लागली.

आमच्यात बाळंतीण सासरी परत निघाली की आईनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी द्यायची असते. ती नुसती घरात खायची नसते. सासरच्या गल्लीत घरोघर वाटायची असते. भाकरी कशी पातळ आहे, चटणीला तेल सुटलंय का, यावरून गल्ली त्या मुलीचं माहेर जोखते. आधी एकदा ती सणाला येऊन परत गेली तेव्हा अव्वानं चटणी कागदाच्या पुड्यांतून पाठवली होती. शेंगाची चटणी उखळात कुटतात, दाण्याला तेल सुटेपर्यंत. ते तेल कागदातून पाझरलं आणि ट्रंकेतल्या दोन लुगड्यांना लागलं. विहीणबाईनं निरोप धाडला, "चटणी पाठवली का कंदिलाचं त्याल?" अव्वाला तो शब्द लागला होता. तिनं ठरवलं की या वेळेला प्रत्येक घराची पुडी वेगळी, प्लॅस्टिकची, कडा डागून बंद केलेली. मैंदर्गीत कुणी पाहिली नसेल अशी.

पंधरा-वीस पुड्या म्हणजे बरंच प्लॅस्टिक लागणार. गादीखालच्या पिशव्या पातळ होत्या, वापरून वापरून चुरगळलेल्या. अव्वानं वर बघितलं. माळ्यावर एक मोठी पिशवी घडी करून ठेवलेली होती. मालकांनी ती कारखान्यातून आणली होती, पावसात सरपणावर झाकायला. जाड, दुधासारखी पांढुरकी, ताडपत्रीसारखी मजबूत. रंगाची भुकटी ज्या डब्यात येते त्या डब्याच्या आत ती असते, हे मला नंतर कळलं. मालकांनी ती आणली तेव्हा आम्ही दोघी घरी नव्हतो. त्यांनी नुसतं म्हटलं होतं, सरपणाला ठेवलीय. कशाची ते त्यांनी सांगितलं नाही आणि अव्वानं विचारलं नाही.

ती निष्काळजी बाई नव्हती, हे मी मुद्दाम लिहिते. तिनं ती पिशवी सोडा घालून कढत पाण्यानं धुतली. मग राखेनं. मग परत साध्या पाण्यानं. पाणी नितळ येईपर्यंत धुतली. उन्हात टांगली, वाळल्यावर आत तोंड घालून वास घेतला. तिच्या लेखी जी वस्तू पाण्यानं धुतली ती शुद्ध झाली. तिच्या आईनं तिला तेच शिकवलं होतं. दुसरं काही शिकवायची तेव्हा गरजच नव्हती. तांब्याला, मडक्याला, कापडाला ते पुरत होतं.

मग तिनं ती कापली. मी उखळात दाणे, लसूण, तिखट, मीठ कुटत होते. अव्वा पात्यावर कडा डागत होती. नणंद मुलीला मांडीवर घेऊन पुड्या भरत होती.

नणंद म्हणाली, "अव्वा, आमच्या अत्ती ह्या पुड्या फोडायच्याच न्हाईत. कपाटात ठेवून कुलूप लावतील."

"लावू दे. चटणी खाल्ली तर तोंड तरी बंद राहील तिचं."

"तिचं तोंड? जेवताना सुद्धा चालू असतंय."

"मग तिला दोन पुड्या दे."

आम्ही तिघी हसलो. पोरगी दचकून उठली आणि रडायला लागली.

त्याच दिवशी जावई आले आणि दुपारच्या गाडीनं नणंदेला घेऊन गेले. ट्रंक, भाकऱ्यांचा डबा, पुड्यांची पिशवी, पोरगी. अव्वानं घरच्यासाठी चटणी बरणीत काढली होती. एक पुडी मात्र तिनं मालकांसाठी ठेवली होती. कारखान्यात डब्याबरोबर न्यायला बरी पडेल म्हणून.

मालक दिवेलागणीला आले. हातपाय धुऊन ताटावर बसले. अव्वानं कौतुकानं ती पुडी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी हातात घेतली, बोटानं चाचपली आणि खाली ठेवली.

"ही पिशवी कुटली?"

"माळ्यावरली. तूच आणलेली की."

"ती सरपणाला आणलेली. तिच्यात चटणी भरलीस?"

"तीन पाण्यानं धुतलीया. वास न्हाय, डाग न्हाय. बघ की नीट."

ते उठले. चुलीजवळ पिशवीचे कापून उरलेले तुकडे पडले होते. त्यातला तळाकडचा, शिवणीचा तुकडा त्यांनी उचलला. तेलाच्या बरणीत बोट बुडवलं आणि शिवणीच्या आतून फिरवलं. बोट बाहेर काढलं तेव्हा ते नारिंगी झालं होतं. ते मोरीत गेले आणि बोटावर पाणी ओतलं. रंग गेला नाही. परत तेल लावून चोळलं तेव्हा थोडा उतरला.

"ह्यो रंग पाण्यात सुटत न्हाय," ते म्हणाले. "आमी हात धुतो ते त्याल लावूनच. भुकटी शिवणीत बसती. तू समदी पिशवी कापलीस, म्हंजे शिवण मोकळी झाली. आणि वरनं भरली काय तर शेंगाची चटणी."

चटणीचा रंग तांबडा. त्यात नारिंगी मिसळला तर कुणाला दिसणार? तेच वाईट झालं होतं. दही असतं तर लगेच कळलं असतं.

मी विचारलं, "पोटात गेलं तर काय हुतं?"

त्यांनी बोट फडक्याला पुसलं. मग म्हणाले, "मागच्या साली येकाच्या अंगावर रंगाचा डबा सांडला. सांजेपातूर त्याचं डोस्कं फुटाया लागलं. ओठ जांभळे पडले, नखं जांभळी. खाटंवर घालून नेला. ते नुसतं अंगाला लागलेलं."

अव्वा भिंतीला टेकून बसली. तिला पहिलं जे सुचलं ते तिनं बोलून दाखवलं. "पोरगी अंगावर पिती."

त्या वेळेला मैंदर्गीची गाडी नव्हती. फोन कुणाकडे असणार? तार करायची तर तारघर बंद झालेलं, आणि सकाळी केली तरी आमच्या आधी ती पोचेल याचा भरवसा नव्हता. पहाटेच्या गाडीनं कुणीतरी जायचं ठरलं. मालक म्हणाले मी जातो. अव्वा म्हणाली नको. पुड्या गल्लीत वाटल्या असतील तर त्या घराघरातून परत मागाव्या लागतील. पुरुषमाणूस कुणाच्या स्वयंपाकघरात शिरणार? मी जायचं ठरलं.

मग अव्वानं मला बाजूला घेतलं.

"खरं सांगू नको," ती म्हणाली. "मीठ जास्ती पडलं म्हणून सांग. दाणे खवट निगाले म्हणून सांग. काय बी सांग. इष धाडलं असं तिच्या सासूच्या कानावर गेलं तर माझ्या पोरीला जल्मभर ऐकावं लागल."

मी म्हणाले, "मीठ जास्त हाय म्हटलं तर लोक टाकतील व्हय? भाकरीसंगं थोडी थोडी खातील."

ती कानडीत बोलायला लागली. बेड, बेड, असं करू नको. मी काय करणार ते मला ठाऊक होतं आणि तिलाही ठाऊक झालं असणार.

पहाटेची गाडी अक्कलकोटपर्यंत होती. तिथून दुसरी मिळायला उशीर लागला. मैंदर्गीत उतरले तेव्हा ऊन वर आलं होतं. नणंदेच्या घराच्या ओट्यावर तिची सासू तांदूळ निवडत बसली होती. मला बघून ती हसली.

"या की. काल पोरगी आली, आज वैनी आली. आमचं घर एवढं आवडलं व्हय?"

"पुड्या कुटं हायत?" मी विचारलं.

"पुड्या सांजच्यालाच वाटल्या. गल्लीत आज दुसरं बोलणं न्हाय. तुमच्या अव्वाला सांगा, मानलं म्हणून."

"कुणी खाल्ली?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी आत गेले. नणंद अंथरुणावर पडलेली होती. डोकं दुखतंय म्हणून सकाळपासून उठली नव्हती. रात्री तिनं गरम भाकरीबरोबर चटणी खाल्ली होती, माहेरची म्हणून सगळ्यांपेक्षा जास्त. मुलगी तिच्या अंगावर पीत होती. मी दार उघडून उजेड आत घेतला आणि तिचा चेहरा बघितला. ओठांचा रंग जांभळाच्या सालीसारखा होता.

मी आधी मुलीला तिच्यापासून काढली. ती ओरडायला लागली. तिचे ओठ मी नीट बघितले. मला ते बरे वाटले, पण खात्री नव्हती. मग मी बाहेर ओट्यावर येऊन सगळं सांगितलं. पिशवी कशाची, रंग कुठे राहिला, तेलानं कसा सुटला, काय होतं. मीठ, खवटपणा, असलं काही बोलले नाही.

विहीणबाई आधी कानडीत ओरडली, मग मराठीत. "आमच्या घरला इष धाडलं? आणि वरनं सांगायला आली? शेण खायला दुसरी पिशवी मिळाली न्हवती?"

"भांडायचं नंतर," मी म्हटलं. "आदी हिला दवाखान्यात न्या. पोरीला अंगावर पाजू नका. शेळीचं दूध असलं तर ते द्या. आणि पुड्या कुणाकुणाला दिल्या ते सांगा."

जावई दुकानातून धावत आले. गावात एकाची मालवाहू गाडी होती, तिच्यात नणंदेला घातलं. विहीणबाई मुलीला घेऊन बसली. गाडी अक्कलकोटला निघाली. मला तिच्याबरोबर जायचं होतं. गेले नाही. पुड्या गावात होत्या.

नणंदेची लहान जाऊ माझ्याबरोबर आली. आम्ही गल्लीत घरोघर गेलो. मी प्रत्येक घरात एकच सांगितलं की चटणीत कारखान्याचा रंग उतरलाय, खाऊ नका, पुडी द्या. काही घरांत पुडी तशीच होती, दिवळीत उभी करून ठेवलेली. दिसायला छान होती म्हणून फोडली नव्हती. त्या घरांचं मला अजून बरं वाटतं. काही घरांत थोडी खाल्ली होती. एका म्हाताऱ्याला मळमळत होतं. त्याला दवाखान्यात जायला सांगितलं.

चटणी सगळ्यांनी परत दिली. कुणी कुरकुर केली नाही. पण पिशवी देईनात. हे मी घरून निघताना धरलंच नव्हतं.

एका घरात बाईनं चटणी बरणीत काढून घेतली होती आणि पिशवी धुऊन दोरीवर टांगली होती. चटणीची बरणी तिनं आणून माझ्यापुढे ठेवली. मी म्हटलं, पिशवी पण द्या.

"पिशवी कशाला? चटणी खराब हाय न्हवं? पिशवी तर चांगली हाय."

"पिशवीच खराब हाय, बाई. चटणी चांगली हुती."

"मी धुतली की."

"आमी पण धुतली हुती."

तिला ते पटलं नाही. एवढी जाड पिशवी तिला परत कधी मिळणार होती? तिनं तिच्यात साखर भरायची ठरवली होती. मी दोरीवरून ओढून घेतली तेव्हा ती मला "आडदांड" म्हणाली. दुसऱ्या घरात पिशवीत करडईच्या बिया भरून झाल्या होत्या, त्याही तेलाच्याच. त्या ओतायला लावल्या. तिसरीनं नाही म्हणून सांगितलं आणि मग जाऊबाईनं आत जाऊन चुलीमागून काढून आणली. एका घरची बाई पुडी घेऊन तिच्या लेकीकडे गेली होती, कर्नाटकात कुठल्याशा गावाला. तिचा पत्ता घरच्यांनाही धड सांगता आला नाही. ती पुडी मिळालीच नाही. तिच्यातली चटणी संपली असेल, पण पिशवी संपली नसणार. ती कुठेतरी धुतली गेली असेल आणि तिच्यात दुसरं काही भरलं गेलं असेल. त्या दिवशी गल्लीत उभी असताना मला कळलं की कागद भिजून फाटतो, मडकं फुटतं, ही मात्र फाटतही नाही आणि फुटतही नाही. म्हणून ती हातोहात फिरत राहते आणि कुठून आली हे माणूस विसरतो. पिशवीला लागलेलं मात्र सुटत नाही.

चटणी मी गावाबाहेर खड्डा करून पुरली, कुत्रं उकरणार नाही इतकी खोल. पिशव्या गाठोडं बांधून सोलापूरला आणल्या. मालकांनी त्या कारखान्यात नेऊन परत रंगाच्या डब्यात टाकल्या. जाळू नको म्हणाले, धूरही वाईट. रंगाची पिशवी रंगालाच जाऊ दे.

अक्कलकोटच्या डॉक्टरांनी नणंदेला सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिला नाकाला नळी लावून ठेवली, सुया दिल्या. डॉक्टरांनी मालकांना बोलावून कसला रंग ते विचारून घेतलं. काही दिवसांनी तिच्या ओठांचा रंग परतला. मुलीला काही झालं नाही. पण इतके दिवस अंगावर न पाजल्यानं नणंदेचं दूध आटलं. पोरगी वरच्या दुधावर वाढली. हा झाला दवाखान्याचा हिशेब. तो लवकर मिटला.

दुसरा मिटला नाही. दवाखाना आमच्या चाळीपासून चालत जाण्यासारखा होता. अव्वा पहिल्याच दिवशी डब्यात वरणभात घेऊन गेली. मी बरोबर होते. विहीणबाई कॉटपाशी बसली होती. तिनं डबा हातात घेतला नाही.

"तुमच्याकडचं न्हाय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "इतून पुढं बी न्हाय. पोरगी तुमच्याकडं येईल, राहील. तितं काय खायचं ते खाईल. पर तुमच्या घरातला घास आमच्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाय."

अव्वा नणंदेकडे बघत राहिली. नणंदेनं भिंतीकडे तोंड फिरवलं. सासूसमोर ती काय बोलणार होती? विहीणबाईनं तिला कॅन्टीनचा चहा आणि पाव दिला. आईचं घर हाकेच्या अंतरावर असून माझी नणंद दवाखान्यातून सुटेपर्यंत पाव खात होती.

अव्वा घरी येऊन मला म्हणाली, "तुला सांगितलं हुतं, मीठ सांग म्हणून."

मी म्हटलं, "मीठ सांगितलं असतं तर तुमी आज दवाखान्यात न्हाय, दुसरीकडं गेला असता."

ती माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही. विहीणबाईचंही मला चुकीचं वाटलं नाही, हेही लिहिते. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

तेव्हापासून आमच्या घरात पिशव्या एकत्र ठेवायचं बंद झालं. खाण्याच्या वस्तूची पिशवी धुऊन खाण्याच्याच वस्तूला, किंवा भंगारवाल्याला. रंग, औषध, खत, फवारणी यांची पिशवी घरात वापरायची नाही. भंगारवाल्याला द्यायची ती चिरून, म्हणजे वाटेत कुणाला ती चांगली पिशवी वाटायला नको. आता लोक म्हणतात प्लॅस्टिक वेगळं ठेवा, धुऊन ठेवा, ते परत वितळवून वापरता येतं. चांगलं आहे. टाकलं तर ते कुठे जाणार? नाल्यात, गुरांच्या पोटात. पण नुसतं धुऊन भागत नाही. कशाची पिशवी आहे ते आधी बघावं लागतं. भंगारवाल्याला मी दोन गठ्ठे वेगळे देते आणि कुठला कशाचा ते तोंडानं सांगते. तो मान हलवतो. त्याच्या मनात काय असतं मला ठाऊक नाही.

अव्वानं पातं आणि चिमणी परत हातात घेतली नाही. चाळीतल्या बायका पिशव्या घेऊन यायच्या. ती म्हणायची, डोळ्याला दिसत न्हाय.

नणंद दुसऱ्या बाळंतपणाला आली. विहीणबाईनं शब्द पाळला, तिला पाठवायला नाही म्हटलं नाही. मुलगा झाला. परत जायची वेळ आली तेव्हा अव्वानं भाकरी केली नाही, चटणी कुटली नाही. मला वाटलं रिकाम्या हातानंच पाठवणार. गाडीच्या वेळेला ती आतून कापडी पिशवी घेऊन आली. धोतराची शिवलेली, तोंडाला नाडी. आम्ही सगळे स्टँडवर गेलो.

नणंदेनं पिशवी चाचपली. आत सालासकट शेंगा होत्या. वर लसणाचे अख्खे गड्डे आणि देठासकट वाळलेल्या मिरच्या.

"अव्वा, हे काय? शेंगा फोडल्या बी न्हाईस?"

"तितं जाऊन फोड. ओट्यावर बसून फोड, तुझ्या सासूच्या डोळ्यादेखत. तिच्या उखळात कुट, तिचं मीठ घाल."

"आणि अत्ती न्हाय म्हटल्या तर?"

"शेंगेला कशाला न्हाय म्हणंल? शेंग मी केलेली न्हाय."

नणंद बाळाला घेऊन गाडीत चढली. पिशवी तिनं मांडीवर घेतली, ट्रंकेवर ठेवली नाही. गाडी सुटली. अव्वा मला म्हणाली, "चल, नळाला पाणी यायची येळ झाली." चाळीपर्यंत ती पुढे चालत होती आणि मी मागे. मागे वळून तिनं एकदाच विचारलं, "तुला काय वाटतं, घेतील का?"

मी म्हटलं, "मला ठाऊक न्हाय."

त्यांनी घेतल्या. पुढच्या खेपेला नणंदेनं ती कापडी पिशवी रिकामी परत आणली आणि अव्वानं तिच्यात परत शेंगा भरल्या. अव्वा जिवंत होती तोवर असंच चाललं. तिच्या हातची कुटलेली चटणी मात्र त्या उंबऱ्याच्या आत परत गेली नाही.